धातूचा कण आणि माणसाचा श्वास

‘नॅनो’ हा शब्द महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानी प्रथम पडला तो एका मोटारीमुळे. २००८ साली टाटांनी ती छोटी मोटार लोकांपुढे आणली, आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. मोटार गेली, शब्द मात्र राहिला. आज तो रंगाच्या डब्यावर दिसतो, पाणी गाळण्याच्या यंत्रावर दिसतो, बॅटच्या मुठीवरही दिसतो. जाहिरातीत शिरलेल्या शब्दाचा अर्थ ताकासारखा पातळ होत जातो, म्हणून प्रथम त्याचा मूळ अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

‘नॅनो’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ खुजा, ठेंगू. मापाच्या भाषेत नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. अब्ज म्हटले की सरकारी अंदाजपत्रकाची सवय झालेल्या आपल्या कानांना काहीच वाटत नाही. म्हणून दुसरे माप घेऊ. आपल्या बोटाचे नख दर सेकंदाला सुमारे एक नॅनोमीटर वाढते. डोक्याचा केस साधारणपणे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. ज्या पदार्थाचे कण, थर किंवा तंतू निदान एका दिशेने शंभर नॅनोमीटरहून लहान असतात, त्याला शास्त्रज्ञ नॅनोरचित पदार्थ म्हणतात. तुकडा लहान असण्याची येथे अट नाही. त्याची आतली वीण लहान असली पाहिजे. मैलभर लांबीची तारही नॅनोरचित असू शकते, आणि तशी ती असतेही. त्याची हकीकत पुढे येईल.

या विषयावर आपल्याकडे दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सगळे काल-परवा परदेशी प्रयोगशाळांत जन्मले. दुसरा म्हणतो, आमच्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते. आमच्या मते दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. या पदार्थांचा इतिहास पाहिला तर त्यात एकच क्रम पुनःपुन्हा दिसतो: आधी हाताने केले, मागाहून डोळ्याने पाहिले, आणि या दोहोंच्या मध्ये जो काळ गेला त्यात पुष्कळदा कुणाच्या तरी छातीने सोसले. हात, डोळा आणि छाती या तिघांचा हिशेब आम्ही येथे मांडणार आहोत.

पूर्वजांच्या पक्षापासूनच आरंभ करू. दक्षिण हिंदुस्थानात शतकानुशतके मुशीतले पोलाद तयार होत असे. ‘उक्कू’ या दाक्षिणात्य शब्दावरून इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले असे मानतात. तेलंगणातील कोनसमुद्रम आणि म्हैसूरचा मुलूख ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईसारख्या झाडाची हिरवी पाने घालायची, तोंड मातीने लिंपायचे आणि भात्याच्या वाऱ्यावर मूस तासन्‌तास तापवायची, अशी त्या कामाची रीत इंग्रज प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. तरवड आणि रुई आपल्या माळावरही उगवतात. त्यांतला कार्बन लोखंडात उतरून त्याचे पोलाद होई. या पोलादाच्या वड्या अरबस्तान-इराणपर्यंत जात आणि तेथे त्यांच्या पाणीदार तलवारी घडत. मायकेल फॅरडे हा पुढे विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ. त्याने उमेदवारीच्या काळात, १८१९ च्या सुमारास, या वूट्झवर प्रयोग केले होते, तरी त्याला त्याचे कोडे उलगडले नाही.

२००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील अशाच एका तलवारीचा तुकडा तपासला. त्यात त्यांना कार्बनच्या नॅनोमीटर मापाच्या नळ्या आणि कठीण लोहकार्बाइडचे तितकेच बारीक तंतू आढळले. ही बातमी येताच आमच्या पूर्वजांना नॅनोविद्या अवगत होती असा घोष सुरू झाला. वास्तविक सिद्ध झाले ते एवढेच की, त्या पोलादात अशी रचना आहे. तलवारीची धार त्या नळ्यांमुळेच होती हे सिद्ध झालेले नाही. पण म्हणून त्या लोहारांचे मोल उणे होत नाही. मूस किती तापवावी, कधी थांबावे, कोणत्या खाणीचे लोखंड घ्यावे, हे त्यांना रंगावरून, आवाजावरून आणि बापजाद्यांच्या शिकवणीवरून कळत होते. नॅनोमीटर त्यांना ठाऊक नव्हता. पोलाद मात्र पुरते ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात विलायती पोलादाच्या लोंढ्यापुढे त्या भट्ट्या विझल्या आणि न लिहिलेली विद्या त्यांच्याबरोबर गेली. त्यांपैकी कुणाचे नाव आज पाठ्यपुस्तकात नाही.

हेच दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या एका कामात घडले. १७ डिसेंबर १९०३ या दिवशी राइट बंधूंचे विमान उडाले. विमान हलके हवे, तर एंजिनही हलके हवे. तसे एंजिन कुणी करून देईना, म्हणून त्यांच्या सायकलच्या दुकानातील मेकॅनिक चार्ली टेलर याने लेथ आणि ड्रिलच्या आधारे ते सहा आठवड्यांत तयार केले. त्याची मोठी पेटी डेटन गावातल्याच एका ओतशाळेने ॲल्युमिनियममध्ये ओतून दिली. त्या ॲल्युमिनियममध्ये सुमारे ८ टक्के तांबे होते. १९९४ साली गेल आणि गुडवे या संशोधकांनी त्या पेटीचा तुकडा शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात तांब्याचे १० ते २२ नॅनोमीटरचे पुंजके सर्वत्र विखुरलेले दिसले, आणि त्यांखेरीज सुमारे ३ नॅनोमीटरचे आणखी बारीक पुंजकेही होते. मोठे पुंजके ओतकामाच्या वेळी, साच्यातल्या उष्णतेत झालेले. बारीक पुंजके पुढच्या नव्वद वर्षांत नुसत्या हवेच्या तपमानात सावकाश जमलेले. याच पुंजक्यांनी धातूला बळ येते. म्हणजे माणसाला घेऊन उडालेल्या पहिल्या एंजिनाच्या अंगातच नॅनोरचना होती, आणि ती ओतणाऱ्या ओतारीला, घासणाऱ्या टेलरला किंवा उडवणाऱ्या राइटांना तिची वार्ताही नव्हती.

वार्ता लागली ती तीन वर्षांनी, आणि तीही योगायोगाने. बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग येथील संशोधन केंद्रात आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ काडतुसांसाठी पितळेऐवजी चालेल असा कठीण ॲल्युमिनियम शोधीत होता. पोलादाला पाणी दिले की ते कठीण होते. तसेच ॲल्युमिनियमलाही पाणी देऊन पाहावे, एवढीच त्याची कल्पना. ४ टक्क्यांच्या आसपास तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम घातलेला पत्रा त्याने सुमारे ५२० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडविला. असे सांगतात की, १९०६ च्या एका शनिवारी त्याच्या मदतनिसाने पत्रा मोजला तेव्हा कठीणपणा बेताचाच भरला. काम अर्धवट राहिले, रविवारची सुटी गेली, आणि सुटीनंतर तोच पत्रा मोजला तर तो पुष्कळच कठीण झालेला. कुणी त्याला हात लावला नव्हता, तापवले नव्हते, ठोकले नव्हते. पत्रा नुसता पडून राहून बळकट झाला होता! कामगाराच्या रविवारच्या सुटीने शास्त्राला लावलेला एवढा मोठा हातभार दुसरा आमच्या पाहण्यात नाही.

ड्यूरेन गावच्या कारखान्याने हा धातू बाजारात आणला आणि त्याचे नाव पडले ड्युराल्युमिन. शुद्ध ॲल्युमिनियमच्या चार-पाच पट ताकद, आणि वजन जवळजवळ तेवढेच. जर्मनांच्या झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे याचेच झाले. पुढे विमानांची अंगेही याच घराण्यातील धातूंची झाली. पण पत्रा पडल्या-पडल्या कठीण का होतो, हे विल्मला कळले नाही. १९१९ साली अमेरिकेतील मेरिका, वॉल्टेनबर्ग व स्कॉट यांनी तर्क मांडला की, सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे बारीक कण धातूच्या पोटात तयार होत असले पाहिजेत. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी ते हुडकून काढले. तांब्याच्या अणूंच्या त्या चकत्या, एक-दोन अणूंएवढ्याच जाड! १९०६ साली हाताने केलेली गोष्ट डोळ्याला दिसायला बत्तीस वर्षे लागली. दरम्यान त्या धातूची हजारो विमाने आकाशात उडून गेली होती.

आता, लहान कणांनी धातू बळकट का व्हावा? मोठे जाजम जमिनीवरून सरकवायचे असेल तर ते सबंध ओढणे कठीण जाते. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती हळूहळू पुढे ढकलत नेली, तर एकटा माणूस जाजम इंचभर सरकवू शकतो. धातू वाकतो तो असाच. त्याच्या अणूंच्या ओळी एकदम सरकत नाहीत. ओळीतली एक चूक, एक सुरकुती, पुढे पुढे जाते. १९३४ साली टेलर, ऑरोवान आणि पोलान्यी या तिघांनी हे निरनिराळ्या ठिकाणी ओळखले. मग बळकटीचा मार्ग उघडच आहे: सुरकुतीच्या वाटेत अडथळे घाला. विल्मच्या पत्र्यातील तांब्याच्या चकत्या म्हणजे जाजमाखाली पेरलेले खडे होत.

दुसरा अडथळा म्हणजे भिंत. कोणताही धातू अनेक स्फटिककणांचा बनलेला असतो, आणि दोन कणांच्या सीमेवर सुरकुती अडते. कण जितके लहान, तितक्या भिंती दाट. हॉल यांनी १९५१ साली आणि पेच यांनी १९५३ साली याचा नियम बांधला. कण शंभर पटींनी लहान केला तर भिंतींमुळे येणारे बळ दहा पट होते. हा नियम सरसकट चालत नाही. दहा-वीस नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर भिंतीच इतक्या होतात की, कण एकमेकांवरून घसरू लागतात आणि धातू उलट मऊ होतो. शिवाय बळकट झालेला धातू बहुधा कमी ताणला जातो आणि एकाएकी तुटतो. बळ आणि लवचिकपणा यांची तडजोड हे या साऱ्या शास्त्राचे दुखणे आहे. जाहिरातीत ते लिहिलेले नसते.

आता त्या मैलभर तारेची हकीकत. १८५४ साली बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल याने पोलादी तार बळकट करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. ते इतके गाजले की, त्या क्रियेलाच कारखान्यांत आजवर ‘पेटंटिंग’ म्हणतात. तार लालबुंद तापवायची, वितळलेल्या शिशाच्या हौदातून काढून ठराविक वेगाने निववायची, आणि मग सोनार सोन्याची तार ओढतो तशी एकाहून एक लहान भोकांतून ओढीत न्यायची. शेफील्डच्या सॉर्बी याने एकोणिसाव्या शतकातच पोलाद घासून, आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला त्यात मोत्यासारखी झळाळी देणारा भाग दिसला. मऊ लोखंड आणि कठीण लोहकार्बाइड यांचे एकाआड एक थर, चिरोट्याच्या पापुद्र्यासारखे. शिशाच्या हौदात हे पापुद्रे फार बारीक होतात आणि ओढताना आणखी बारीक होत जातात, ते शेवटी काही दशक नॅनोमीटरांवर येतात. १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने अटलांटिकच्या तळाशी यशस्वी तारायंत्राची केबल टाकली, तिचे चिलखत हॉर्सफॉलच्या तारेचे होते. याच जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्रातळून विलायतेशी जोडली गेली. आज पियानोच्या तारा, मोटारीच्या टायरमधल्या तारा आणि झुलत्या पुलांचे दोर त्याच कुळातले आहेत. जपानचा आकाशी पूल १९९८ साली खुला झाला. त्याचा मधला गाळा १,९९१ मीटरचा आहे, आणि तो पेलणारी तार दर चौरस मिलिमीटरला सुमारे १८० किलो भार सोसते. साधे बांधकामाचे लोखंड चाळीस-पन्नास किलोंवर तुटते.

त्या शिशाच्या हौदाजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र पुलावरून जाणाऱ्याचे लक्ष जात नाही. शिसे शरीरात साठते आणि रक्त, आतडी व मज्जा यांवर परिणाम करते. पुढे अनेक कारखान्यांनी शिशाऐवजी दुसरे उपाय काढले, आणि तार तितकीच बळकट राहिली. म्हणजे विष हे त्या बळाचे मोल नव्हते. ते केवळ जुन्या रीतीचे मोल होते.

असेच रबराचे. समईच्या ज्योतीवर ताटली धरून आपल्या घरी काजळ धरीत. तेल किंवा वायू अपुऱ्या हवेत जाळून तीच काजळी कारखान्यात टनांनी धरतात. टायरच्या काजळीचा कण काही दशक नॅनोमीटरांचा असतो. पहिले टायर काळे नव्हते, फिकट रंगाचे होते. १९०४ साली लंडनजवळ सिल्व्हरटाउन येथील रबर कारखान्यात मोट नावाच्या माणसाने रबरात काजळी घातली, तेव्हा रबराचे बळ कितीतरी वाढले. यथावकाश साऱ्या जगाचे टायर काळे झाले आणि त्यांचे आयुष्य अनेक पटींनी वाढले. नॅनोकणांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी गाजलेला उपयोग म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक टायर.

या सिल्व्हरटाउनच्या कारखान्याचे नाव शास्त्राच्या इतिहासात १९०४ मुळे येते. आमच्या इतिहासात ते पंधरा वर्षे आधीच आलेले आहे. १८८९ च्या सप्टेंबरपासून सुमारे बारा आठवडे तेथील कामगारांनी संप केला. कार्ल मार्क्सची कन्या एलिनॉर हिने तेथे राबणाऱ्या स्त्रियांची स्वतंत्र शाखा बांधली. भुकेने तो संप मोडला आणि माणसे जुन्याच अटींवर कामावर गेली. रबराचे बळ वाढवणारा शोध ज्या छपराखाली लागला, त्याच छपराखाली माणसांचे बळ मोडले गेले होते. या दोन गोष्टी एका पुस्तकात क्वचितच छापल्या जातात, म्हणून येथे मुद्दाम शेजारी ठेविल्या.

आतापर्यंतचे सारे नकळत झाले. जाणूनबुजून करण्याचा काळ अलीकडचा. २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमन या अमेरिकन पदार्थविज्ञान्याने अणूंची जुळणी करण्याची कल्पना व्याख्यानात मांडली. १९७४ साली जपानच्या तानिगुची यांनी ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द वापरला. १९८१ साली झुरिकमध्ये बिनिग आणि रोहरर यांनी पृष्ठावरचा एकेक अणू चाचपडणारा सूक्ष्मदर्शक केला आणि १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नावे नेहमी घेतली जातात म्हणून घेतली. धातू घडविणाऱ्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या आहेत त्या दोन वाटा.

पहिली वाट खालून वर जाणारी. जर्मनीत सारब्रुकेन येथे ग्लायटर यांनी १९८० नंतरच्या काळात ती प्रचारात आणली. बंद भांड्यात थोडा हेलियम ठेवून धातूची वाफ करायची. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या नळीवर ती वाफ दवासारखी जमते. तो चूर्ण खरवडून, हवा लागू न देता दाबून त्याची वडी करायची. पाच-दहा नॅनोमीटर कणांचा धातू तयार. दुसरी वाट वरून खाली येणारी. मिन्स्कमध्ये सेगल यांनी १९७० नंतरच्या दशकात एक साचा केला. त्यातली वाट मध्येच कोपऱ्यासारखी वळते. धातूची सळई तीतून दाबून काढायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. कणकेचा गोळा तिंबावा तसा धातू तिंबला जातो. सळईची जाडी तीच राहते आणि आतला कण मात्र चुरडत जातो. पुढे रशियातील उफा येथे वालियेव यांनी या वाटेचे शास्त्र बांधले. अशा रीतीने तिंबलेल्या शुद्ध टायटॅनियमची ताकद दीडपटीहून अधिक होते, आणि त्याचे दातांचे खुंट करतात. त्यात व्हॅनेडियमसारखे दुसरे धातू मिसळावे लागत नाहीत, हा रोग्याचा फायदा. केंब्रिजमध्ये भदेशिया व काबायेरो यांनी तर विशेष घटकांचे पोलाद अवघ्या २०० अंशांवर, म्हणजे पोळीच्या तव्याच्या उष्णतेवर, सुमारे दहा दिवस ठेवून त्यात २० ते ४० नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे उमलविले. ना घण, ना महागडे यंत्र, नुसता धीर. ते पोलाद चिलखती पत्र्यांसाठी वापरण्यात आले.

या दोन वाटांमधला भेद शास्त्रज्ञ खर्चाच्या आणि शुद्धतेच्या दृष्टीने सांगतात. आम्हांला त्यात आणखी एक भेद दिसतो, आणि कामगार संघटनेचे काम करणाऱ्याला तो दिसल्यावाचून राहणार नाही. तिंबलेल्या सळईत, ओढलेल्या तारेत, दहा दिवस तव्यावर बसलेल्या पोलादात नॅनोकण बांधलेला असतो. तो घट्ट धातूचा भाग आहे. तो कुणाच्या नाकात जात नाही. खालून वर येणाऱ्या वाटेवर मात्र, निदान काही काळ, कण सुटा असतो. चूर्ण खरवडताना, पोत्यात भरताना, यंत्र धुताना, तयार वस्तू कापताना-घासताना तो हवेत उडू शकतो. आणि सुट्या कणाचे गणित निराळे आहे. एक सेंटिमीटरचा घन घेतला तर त्याचे पृष्ठ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर सर्वांचे मिळून पृष्ठ ६०० चौरस मीटर होते, म्हणजे साडेसहा हजार चौरस फुटांच्या आसपास. या अफाट पृष्ठामुळेच काजळी रबराला धरून ठेवते. आणि तेच पृष्ठ फुप्फुसात गेले तर तेथेही काम करते. कणाला कारखाना आणि छाती यांतला भेद कळत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०११ साली टायटॅनियम डायॉक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यासाठी दोन निराळ्या मर्यादा सुचविल्या: साध्या बारीक भुकटीसाठी दर घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम, आणि नॅनो भुकटीसाठी ०.३ मिलिग्रॅम. पदार्थ तोच, कण लहान होताच मर्यादा आठ पट कडक. ज्या कायद्यात नुसते पदार्थाचे नाव असते आणि कणाचे माप नसते, तो कायदा येथे आंधळा ठरतो.

याहून गंभीर गोष्ट तंतूंची. त्यासाठी ॲस्बेस्टॉसचा इतिहास आठवावा लागतो. १८९८ साली लूसी डीन या इंग्रज महिला कारखाना-निरीक्षकाने ॲस्बेस्टॉसची धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतली, तिचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार असल्याचे आणि कामगारांना त्यांची बाधा होत असल्याचे अहवालात नमूद केले. इंग्लंडात त्या धुळीसाठी नियम झाले १९३१ साली, आणि पूर्ण बंदी आली १९९९ साली. म्हणजे पाहणे आणि थांबवणे यांत शंभराहून अधिक वर्षे गेली. विल्मच्या पत्र्याच्या बाबतीत हाताच्या मागून डोळा आला, त्यात कुणाचे नुकसान झाले नाही. येथे डोळ्याने वेळेवर पाहिले होते. हात थांबला नाही.

आता कार्बनच्या नळ्या पाहा. १९९१ साली जपानच्या इजिमा यांच्या लेखाने जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. २००८ साली एडिंबरोच्या संशोधकांनी दाखविले की, लांब आणि ताठ नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या तर ॲस्बेस्टॉससारखीच सूज येते. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तशी येत नाही. २०१३ साली उपरोक्त अमेरिकन संस्थेने या नळ्यांसाठी दर घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली, आणि २०१४ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने त्यांतील एका जातीला ‘माणसाला कर्करोगकारक असण्याचा संभव’ या वर्गात घातले. सतरा वर्षांत इशारा आला, पंचवीस वर्षांच्या आत मर्यादा सुचविली गेली. ॲस्बेस्टॉसच्या मानाने ही प्रगतीच होय, आणि ती नाकारणे कोतेपणाचे होईल. त्याच संशोधनातून हेही कळते की, सगळ्याच नळ्या सारख्या नाहीत. लांबी आणि ताठपणा बदलून धोका टाळता येतो. शास्त्र भीती घालण्यासाठी नाही, निवड करता यावी यासाठी आहे.

आणि नॅनोकण ही केवळ नव्या प्रयोगशाळांची गोष्ट आहे असे मानून आपल्या गावाला सुटका नाही. वेल्डिंगच्या ठिणगीतून उठणाऱ्या धुरातले मूळ कण नॅनोमीटरांच्याच मापाचे असतात. गावोगावच्या शटर आणि ग्रिल करणाऱ्या दुकानांत तोंडाला रुमाल बांधून बसलेला पोरगा पिढ्यान्‌पिढ्या ते कण छातीत घेत आला आहे. २०१७ साली कर्करोग संस्थेने वेल्डिंगच्या धुराला निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गात घातले. रुमालाच्या विणीतून तो कण सहज पार होतो, हे त्या पोराला कुणी सांगायचे?

उपाय महागडे नाहीत. चूर्ण कोरडे न हाताळता ओले हाताळणे, भरण्याचे आणि खरवडण्याचे काम बंद पेटीत करणे, धूर जेथे उठतो तेथूनच पंख्याने ओढून घेणे, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, योग्य मुखपट्टी देणे, आणि पोत्यावर पदार्थाच्या नावासोबत कणाचे माप लिहिणे. त्याखेरीज नोंद. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला की, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, आणि त्याच्या आरोग्याची नोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा काम सोडल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिराचे असेल तोपर्यंत जपली पाहिजे. धुळीचा रोग सावकाश उगवतो. कामगार कारखाना सोडून गावी गेल्यावर उगवतो. म्हणून चाळीस वर्षांच्या वहीला मोल आहे. तोच नियम सुट्या नॅनोकणांच्या कामाला लावावा, एवढी मागणी करण्यास नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही.

काही मित्र आम्हांला विचारतात, असे नियम मागून तुम्ही नवे उद्योग दूर लोटत नाही काय? इतिहासाचे उत्तर वर आलेच आहे. शिशाचा हौद बदलला म्हणून तार दुबळी झाली नाही. ज्याने बळकट तार केली त्याच बुद्धीला निर्विष तारही करता आली. फक्त कुणीतरी तशी मागणी करावी लागते. तापवून, तिंबून, पेरून, धीर धरून माणसाने धातूचा कण बळकट केला. मुशीजवळचा लोहार, डेटनचा ओतारी, सिल्व्हरटाउनची रबर कामगार स्त्री यांना आपण काय हाताळतो ते ठाऊक नव्हते. ती विद्या तेव्हा कुणापाशीच नव्हती. आज ती आहे. छापील आहे, मोजलेली आहे, आकड्यांत आहे. ती भुकटीच्या पोत्यापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचली, तरच तिला विद्या म्हणावे.